दुसरी मेणबत्ती

"मॅडम, दोन मेणबत्त्या काबर? पुस्तकमा एकच शे!"

मुख्याध्यापक हेमकांत सर दारातूनच ओरडले. अल्पना मॅडमनी हातातली काडी विझवली. म्हसावदच्या या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, शहाद्याहून एसटीने रोज येऊन-जाऊन, आणि आज त्यांच्या तासाचं चित्रीकरण होतं. 'प्रभावी विज्ञान अध्यापन' अशी कसलीशी स्पर्धा होती. संस्थेला पहिला नंबर हवा, म्हणून प्रयोगशाळेचं कुलूप एकदाचं निघालं होतं. भिंतीला सॅटिनचा पडदा, टेबलावर प्लास्टिकची फुलं, कपाटात रसायनांच्या चकचकीत बाटल्या. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

"धूळ पुसता पुसता मन्हा जीव गया," शिपाई नवलसिंग पुटपुटला, "आन यास्नं सील बी आजून फुटनं नही."

प्रयोग साधा होता. ताटलीत पाणी, पाण्यात पेटती मेणबत्ती, वर पालथा ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. का चढतं? पण प्रश्न विचारेपर्यंत पोरांना दम कुठला! सकाळपासूनच्या तालमीने ती इतकी घोटली गेली होती की काडी ओढायच्या आतच एका सुरात गर्जत होती, "ऑक्सिजन संपला म्हणून, मॅडम!" ऐकून मॅडमना शिसारी आली. याला शिकवणं म्हणायचं? मग पोपटवाल्याने काय घोडं मारलंय?

पोरांतली एकच गप्प होती, रमिला. सातपुड्यातल्या पाड्यावरची पोर, गावच्या वसतिगृहात राहायची. घरी पावरी बोली बोलणारी ही मुलगी शाळेत आल्यापासून वर्गात चकार शब्द बोलली नव्हती. मागच्या महिन्यात मात्र वर्गातच हा प्रयोग झाल्यावर ती उठली, दुसरी मेणबत्ती पहिलीशेजारी लावली, दोन्हींवर ग्लास पालथा घातला आणि अडखळत म्हणाली, "मॅडम, हवा तेवढीच. मग पाणी जास्त का चढलं?"

 इतकी वर्षं मॅडमही ऑक्सिजनच घोकवत आल्या होत्या! मग सगळा वर्ग ताटलीभोवती गोळा झाला. ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे निघतात, म्हणजे तापलेली हवा बाहेर पळते, उरलेली थंड होऊन आकसते आणि पाणी आत येतं, हे सगळ्यांनी मिळून शोधलं. त्या दिवसापासून रमिलाचा हात वर येऊ लागला. चुकायची, हसायची, पुन्हा हात वर करायची. मॅडमना वाटलं होतं, नोकरीचं सार्थक झालं.

"आन त्या पोरले मांगे बसाडा," हेमकांत सर म्हणाले. "मधमाच काहीबी विचारस ती. हाऊ व्हिडिओ जिल्हाले जाई."

"बसू द्या सर तिथेच. मी सांभाळते."

मॅडमनी दुसरी मेणबत्ती पर्समध्ये टाकली. मनात म्हणाल्या, एक तर एक! पण कॅमेरा चालू झाला की रमिलालाच उठवणार. तिचा प्रश्न जिल्ह्याला ऐकू जाऊ दे. मग काय व्हायचं ते होवो.

कॅमेरा चालू झाला. मेणबत्ती विझली, पाणी चढलं. पोरांनी गर्जायला तोंडं उघडली, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांबा. रमिला, तू बोल. तुला काय वाटतं?"

रमिला उठली. एकदा कॅमेऱ्यामागच्या हेमकांत सरांकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे. मग हात सरळ खाली सोडून, कुठेही न अडखळता म्हणाली, "ग्लासमधील ऑक्सिजन संपला, म्हणून पाणी वर चढले."

"वा! वा!" हेमकांत सरांनीच टाळ्या पिटल्या.

पडदा उतरला, फुलं खोक्यात गेली, चित्रीकरणाला आलेल्या पाहुण्यांचा नाश्ता सुरू झाला. बाकं सरकवता सरकवता रमिला हळूच जवळ आली.

"बरोबर बोलले ना, मॅडम? सर म्हणाले, तू आज वेगळं बोललीस तर मॅडमची नोकरी जाईल."

मॅडमनी पाहुण्यांना नाश्ता वाढणाऱ्या सरांकडे पाहिलं. मेल्याने पोरीच्या तोंडाला कुलूप घातलं, तेही माझ्या नावाने! आणि मी मुकाट्याने मेणबत्ती पर्समध्ये टाकली. त्यांना स्वतःचीही किळस आली.

त्यांनी पर्स उघडली. उकाड्याने मेणबत्ती वाकली होती. ती हातात धरून त्या म्हणाल्या, "माझ्या नोकरीला काही होत नाही, बाळा. ये, दोन्ही लावू. तू विचार."

रमिलाने मेणबत्तीकडे पाहिलं, मग दाराकडे.

"पुस्तकात एकच आहे, मॅडम," ती म्हणाली आणि दप्तर उचलून वसतिगृहाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

नवलसिंग कुलूप घेऊन आला, तेव्हा मॅडम ती वाकडी मेणबत्ती तळहातावर ठेवून सरळ करत बसल्या होत्या.