दिल्लीच्या मसुद्यापुढं घातलेलं गाऱ्हाणं

सगुणाकाकीच्या तोंडाला लागू नये, हे हातखंब्यापलीकडच्या त्या वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दिल्लीवाल्यांना ते कोण सांगणार?

सत्त्याऐंशी सालचा पौष होता, आंबे मोहोरले होते. ग्रामसेवकानं पेपरातली जाहिरात काकीला वाचून दाखवली. परदेशी व्यापार शिकवणारी एक मोठी राष्ट्रीय संस्था सरकार काढणार होतं. तिच्या कायद्याचा मसुदा झाला होता आणि त्यावर लोकांच्या हरकती ऐकायला समिती जिल्ह्याजिल्ह्यातून फिरत होती. रत्नागिरीचा हापूस दुबईला जातो म्हणून रत्नागिरीलाही येणार होती. मसुद्यातलं एक कलम ग्रामसेवकाला दोनदा वाचावं लागलं, कारण पहिल्यांदा काकीचा कानांवर विश्वास बसेना. संस्था सुरू झाली की माल बाहेरदेशी पाठवायचा परवाना तिथलं शिक्षण पुरं केलेल्यालाच मिळणार होता. आणि त्या शिक्षणाला बसायला पदवी लागणार होती.

काकी दुसरीतून उठलेली. तिच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या शेडमध्ये, आंबे भरणाऱ्या बायकांत सगळ्यांत शिकलेली म्हणजे तिची सून चिमा, ती सातवी पास.

हा मांगर काही कुणी दान दिलेला नव्हता. वाडीतले पुरुष मुंबईला गिरणीत, गोदीत. मागं बायका आणि झाडं. पूर्वी आंबा उतरला की बाजारातल्या आत्माराम शेटकडं जायचा, तो पेटीवर स्वतःचं नाव ठोकायचा आणि आंबा त्याचा व्हायचा. एका वर्षी काकीनं त्याच्याच पेढीवर उभं राहून त्याला सांगितलं, की झाड आमचं, पाणी आमच्या कंबरेवरचं, आणि नाव काय ते तुझं, हे आता पुरे. मग तिनं बायकांची सोसायटी उभी केली. नाटे गावची हफीजा तिला येऊन मिळाली, कारण हफीजाचा भाऊ अयूब दुबईत फळांच्या दुकानावर होता. तेव्हापासून पेटीवर सोसायटीचं नाव होतं. दुबईतली माणसं त्या नावानं पेटी मागत, असं अयूब सुट्टीवर आला की सांगायचा, आणि काकी त्याच्याकडून ते पुन्हा पुन्हा वदवून घ्यायची.

म्हणजे ते कलम पास झालं, तर पेटीवर पुन्हा शेटचं नाव. त्याचा मुलगा बीकॉम होता.

"जायाचा," काकी म्हणाली. "सगळ्यांनी जायाचा. बोलनार मी."

बोलणार मी, यात नवीन काही नव्हतं. वाडीत देवापुढं गाऱ्हाणं घालतात ते एकच माणूस घालतो. तो एकेक मागणं मांडून थांबतो, आणि बाकीचे सगळे एका सुरात म्हणतात, "होय महाराजा." मध्ये कुणी आपली जीभ चालवायची नाही. शेवटी चुकलंमाकलं पदरात घे म्हणून नारळ ठेवला, की गाऱ्हाणं मिटलं. तोवर ते उघडं असतं, आणि उघड्या गाऱ्हाण्यात थांबा आला की 'होय महाराजा' आपोआप येतंच. देवळात हे काम पुरुषांचं. पण हंगामाची पहिली पेटी भरताना मांगरात काकी स्वतः गाऱ्हाणं घालायची. गावकरांनी, गावच्या मानकऱ्यांनी, कुरकुर केली तेव्हा तिनं त्यांना निरोप धाडला होता, की मुंबईहून येऊन घाला, मी तांदूळ निवडून ठेवते. कुणी आलं नाही.

तर तीच रीत दिल्लीवाल्यांपुढं चालवायची ठरली. मी सांगेन, तुम्ही हुंकार भरा. हफीजाला त्यात काही अडचण वाटली नाही. ती म्हणाली, आमच्यात 'आमीन' म्हणतात, मी तेच म्हणेन, देवाला दोन्ही कळतं.

रत्नागिरीच्या सरकारी विश्रामगृहाच्या सभागृहात पंखे फिरत होते आणि पुढच्या खुर्च्यांवर बाजारातली मंडळी बसली होती. बायका मागं. समितीचे अध्यक्ष पांढऱ्या केसांचे, शांत चेहऱ्याचे, हिंदी बोलणारे. त्यांच्या शेजारी सरकारी दुभाषा, चष्मा लावलेला तरणा अधिकारी. तोच टिपणंही घेत होता. आत्माराम शेट पहिला बोलला. संस्था म्हणजे कोकणचं भाग्य, कायदा म्हणजे सोनं, आणि अडाणी हातांतून गेलेला माल परदेशात देशाची लाज घालवतो, असं तो मागं वळून, बायकांकडं बघत म्हणाला. काकीच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

तिची पाळी आली. ती पदर खोचून उभी राहिली आणि तिनं सुरुवात केली ती थेट मांगरातल्या सुरात. बाबांनो, तुम्ही लांबून आलात. होय महाराजा. आमचा आंबा तुमच्या शाळेच्या आधीपासून दर्या ओलांडतोय. होय महाराजा. ही संस्थाच आम्हांला नको, ती तुमची तुमच्याकडं ठेवा. होय महाराजा. सभागृह दणाणलं. अध्यक्ष पुढं वाकून ऐकू लागले, आणि काकीला वाटलं, जिंकलं.

तेवढ्यात शेट शेजाऱ्याला म्हणाला, "नमन-खेळ्यातली सोंगं आणलीत."

आणि तिथं काकीचा तोल गेला. गाऱ्हाणं राहिलं बाजूला, ती शेटवर घसरली. त्याचे खोटे वजनकाटे काढले, त्याच्या बापाचेही काढले, बीकॉम मुलाला हापूस आणि रायवळ ओळखता येतो का ते विचारलं. लोक हसले. शेट लाल झाला. अध्यक्षांनी घंटी वाजवली आणि काकी पाणी प्यायल्यासारखी समाधानानं खाली बसली.

दुभाषा उठला. म्हणाला, रीतीप्रमाणे मसुद्यातली मुख्य कलमं पुन्हा वाचतो. आवाज त्याचा खणखणीत होता. एक कलम वाचायचा, थांबायचा, वर बघायचा. संस्थेस राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा राहील. थांबला.

"होय महाराजा," मागून आलं.

काकी अजून शेटच्या लाल कानांकडं बघत होती. संस्थेचा कारभार नियामक मंडळाकडे राहील. होय महाराजा. प्रवेशासाठी पदवी आवश्यक राहील. होय महाराजा. परवाना केवळ प्रमाणपत्रधारकास मिळेल. होय महाराजा, आणि त्यात खालच्या पट्टीतला एक आवाज काकीचा स्वतःचाही होता.

दुभाष्यानं काहीतरी लिहिलं आणि वाकून अध्यक्षांना हिंदीत सांगितलं. हफीजाला हिंदी चांगलं यायचं. तिनं काकीचं मनगट धरलं.

"काकी, हो काय सांगतोय ऐकलंव? बायकांनी सगळी कलमं मान्य केली म्हणतो. तसाच लिवलान."

दुसऱ्या कुणाला नाही तरी तिला कळलं, चूक कुणाची. गाऱ्हाणं घातलं होतं तिनं, आणि शेटच्या नादात ते मिटवलं नव्हतं. बायका बिचाऱ्या रीतीनं वागल्या. थांबा आला, हुंकार भरला. पुढच्या खुर्चीवर शेट आता मोकळेपणानं हसत होता.

ती उठली. शिपाई म्हणाला, तुमची पाळी झाली. ती त्याच्या बाजूनं अशी गेली की तो खुर्ची असता तरी सरकला असता. टेबलापाशी जाऊन तिनं अध्यक्षांकडं बघितलंच नाही. दुभाष्यासमोर उभी राहिली.

"तू खयचा रे?"

"मंडणगडचा," तो म्हणाला.

"तुमच्याकडं गाऱ्हाणं घालतात?"

तो टिपणांत बघू लागला.

"तुला इचारतंय मी. घालतात?"

"घालतात."

"मग उघड्या गाऱ्हान्यात बायका 'होय महाराजा' म्हनाल्या, ती काय तुज्या कायद्याला संमती हुती? दिल्लीवाल्याला ठावं नसेल. तुला ठावं हुता. तरी लिवलास."

त्याच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. अध्यक्षांनी विचारलं, बाई काय म्हणतायत. तो क्षणभर चष्मा पुसत राहिला, आणि मग त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, आपणही ते ओळखलं होतं हे धरून. हफीजा मागून एकेक शब्द पारखत होती आणि मान हलवत होती.

अध्यक्षांनी विचार केला. म्हणाले, सभेत बोललेलं खोडता येत नाही. पण त्याखाली नवीन लिहिता येतं. मात्र ते सामुदायिक चालणार नाही. जिला हरकत असेल तिनं स्वतः पुढं येऊन, स्वतःच्या नावानं, स्वतःच्या शब्दांत सांगायचं. जेवणाची वेळ झाली आहे, पण मी बसतो.

काकी मागं वळली. बायका तिच्याकडं बघत होत्या, पहिल्या पेटीपाशी बघायच्या तशाच. ती सांगेल तेवढं म्हणायचं, हे तिनंच त्यांना शिकवलं होतं. वर्षानुवर्षं मांगरात कुणी तोंड उघडलं की 'तू गप, मी हाय ना' हे तिचंच. आणि आता ती एकटी बोलून काही उपयोग नव्हता. तिच्या नावापुढं फार तर एक ओळ पडली असती.

"उठा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "एकेकीनं जा. माज्याकडं बघू नका. काय सांगायचा ता तुमचा तुमी सांगा."

कुणी हललं नाही. सखूनं सावित्रीला ढोसलं, सावित्रीनं पदर तोंडाला लावला. पुढं शेटनं घड्याळ बघितलं आणि मोठ्यानं जांभई दिली.

चिमा उठली.

ही चिमा सासूपुढं कधी बोलली नव्हती. टेबलापाशी गेली, नाव सांगितलं, नवऱ्याचं नाव विचारलं तर म्हणाली त्याची हरकत नाही, माझी आहे, माझंच लिहा. हफीजा खुदकन हसली. मग चिमा बोलली ते असं:

"संस्था नको असा मी म्हनत नाय. संस्था पायजे. मला शिकायचा हाय. बोट कंदी सुटते, तिकडं दर काय, कागद कसा भरतात, ता आमाला कोन सांगत नाय. पन पदवीची अट नको. सातवीवालीला बसू द्या. आनि शिकली नाय म्हनून जिचा धंदा आज चालू हाय, तिचा नाव पेटीवरनं पुसू नका."

काकीच्या कपाळाला आठी पडली. आपण भर सभेत म्हटलं संस्था नको, आणि घरचीच सून उठून म्हणते पाहिजे. एरवी चुलीपाशी हे झालं असतं तर तिनं चिमाला दिवसभर विहिरीवर पाण्याला जुंपलं असतं. तोंडाशी आलेलं तिनं गिळलं. गिळणं तिला येत नव्हतं, ठसका लागला.

दुभाषा लिहीत होता. सावकाश, आणि लिहिलेलं वाचून दाखवत. मग सखू गेली. सखूनं फक्त शेटबद्दल सांगितलं, ते दुभाष्यानं सौम्य करून लिहिलं तर हफीजानं हिंदीत तक्रार केली, आणि त्याला ते तिखट करावं लागलं. सावित्री नाव सांगून रडली आणि रडत रडत म्हणाली, मला हे कलम नको. एवढंच. हफीजा उर्दू मिसळून असं काही बोलली की अध्यक्षांनी मान झुकवली. रांग संपेना. विश्रामगृहाचा खानसामा दोनदा डोकावून गेला. शेट मधेच उठून निघाला तेव्हा काकी दारात होती. ती बाजूला झाली नाही, त्यालाच अंग चोरून जावं लागलं.

शेवटी काकीचं नाव. अध्यक्ष म्हणाले, आपण तर बोललात. ती म्हणाली, तेव्हा मी सगळ्यांच्या वतीनं बोलले, आता माझं लिहा. मसुदा तुम्ही पास करा नाहीतर नका करू. परवाना द्या नाहीतर नका देऊ. या हंगामात आमची पेटी आमच्याच नावानं दुबईला जाईल. अडवायला कुणी आलं तर त्यानं मांगरात यावं.

दुभाषा थांबला. "हे असंच लिहू? दिल्लीला जाईल हे."

"लिव. दिल्लीला जायाला म्हनूनच सांगतंय."

कलमाचं काय होणार ते त्या दिवशी कुणाला कळलं नाही. अध्यक्षांनी जाताना एवढंच सांगितलं, की सगळं वर पोचेल, वचन मी देऊ शकत नाही. वचन मागितलंय कुणी, असं काकी म्हणाली, पण बाहेर येऊन.

एसटीच्या थांब्यावर चिमा तिच्यापासून चार हात लांब उभी होती. काकीनं तिला हाक मारून जवळ बोलावलं.

"माज्या तोंडावर मला खोटी पाडलीस."

"व्हय," चिमा म्हणाली. "पन मला शिकायचाच हाय."

काकीनं लांबून येणाऱ्या गाडीला हात केला. तिच्याकडं उत्तरं तीन होती, तिन्ही जिव्हारी लागतील अशी.

"मग पदवीवाल्यांच्या फुडं बस," ती म्हणाली. "मागच्या बाकावर बसलीस असा कानावर आला, तर घरात घेनार नाय."