भिंगरीच्या पायाखालची फळी

मी एका शाळेतल्या नाचाच्या खोलीची जुनी लाकडी जमीन आहे. मित्रांनो, शरमेने मान खाली घालावी म्हटलं, तर मला याहून खाली जागाच नाही.

माझा जन्म मात्र थाटाचा होता. सुताराने माझ्या एकेका फळीवर रंधा मारला, खाली मुद्दाम पोकळी ठेवली. उडी मारून आलेल्या पायाला हिसका बसू नये, म्हणून ही काळजी. नाचाच्या बाई पहिल्या दिवशी अनवाणी चालून बघत म्हणाल्या, "वा! पायांना जपणारी जमीन आहे." त्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं फुगून बसले होते.

पुढे कोपऱ्यातल्या खिडकीची काच तडकली. पाणी आत येऊ लागलं. तिथली माझी एक फळी आधी फुगली, मग सुटली. पाय पडला की एक टोक खाली जायचं आणि दुसरं वर यायचं. मी कुरकुरत होते, पण गाण्याच्या आवाजात माझं कोण ऐकणार?

ऐकलं ते भिंगरीने. हे नाव तिला बाईंनीच ठेवलेलं, कारण ती उभी राहिली तरी फिरतेय असं वाटायचं. घरी आईला मदत करून ती सगळ्यांच्या आधी यायची, मला झाडायची आणि चक्क माझ्याशी गप्पा मारायची. फळी हलली तेव्हा ती खाली बसली आणि हळूच म्हणाली, "बोलू नकोस हं कुणाला. कळलं तर कुलूप लावतील."

तिची भीती खोटी नव्हती. शेजारची हस्तकलेची खोली छत गळतं म्हणून बंद झाली, ती बंदच राहिली. आता तिथे मोडके बाक असतात. म्हणून मुख्याध्यापिका फेरी मारायला आल्या की भिंगरी त्या फळीवर स्वतःची बॅग ठेवायची. नाचताना तिथे आली की अर्धं पाऊल डावीकडे घेऊन वळायची. इतकं सफाईने, की बघणाऱ्याला ते नाचातलंच वाटावं. मला तेव्हा बरं वाटायचं. कुणीतरी आपल्यावर पांघरूण घालतंय, याचं सुख वाटायचं. आज आठवलं की लाज वाटते.

मग आंतरशालेय स्पर्धा आली. पहिल्या येणाऱ्या मुलीला मोठ्या नृत्यशाळेत फुकट शिकायला मिळणार होतं. भिंगरीच्या घरून फी भरणं शक्यच नव्हतं, त्यामुळे तिचा सगळा जीव या एका नाचात होता.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी ती आणि बाई माझ्यावरच येऊन बसल्या. बक्षीस मिळालं नव्हतं, हे मला त्यांच्या पावलांवरूनच कळलं.

"सरळ धावत जायचं होतं ना?" बाई म्हणाल्या. "मग मध्येच वळलीस का? परीक्षकांना वाटलं, तोल गेला. स्टेजवर काय होतं तिथे?"

"काहीच नव्हतं, बाई."

"मग?"

भिंगरीने उठून कोपऱ्यातल्या फळीवरची बॅग उचलली. बाईंनी तिथे पाय ठेवला. मी कुरकुरले.

"अगं, सांगितलं का नाहीस मला?"

"खोली बंद केली असती."

"आणि तुझा पाय मोडला असता तर?"

"मोडला नाही ना."

"नाही. नंबर तेवढा गेला," बाई बोलून गेल्या आणि लगेच त्यांचाच चेहरा उतरला. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "मी तरी काय मोठी शहाणी! रोज बघत होते. मला वाटलं, तुझी लकब आहे, स्टेजवर सुटेल."

बाईंनी त्याच दिवशी ऑफिसात सांगितलं. सुतार आला, त्याने फळी बदलली, काचही बसवली. जाताना हात झटकत म्हणाला, "तासाभराचं काम. आधी का नाही बोलावलंत?" खोलीला कुलूप लागलंच नाही.

नव्या वर्षी लहान मुली आल्या. बाईंनी त्यांना भिंगरीच्या हाती सोपवलं. तिने नाच करून दाखवला आणि मुली एकामागून एक धावल्या. त्या कोपऱ्यात आल्यावर एकूण एक मुलगी अर्धं पाऊल डावीकडे वळली.

भिंगरी थांबली. तिचे कान लाल झाले.

"चुकलं का, ताई?" सगळ्यात धाकटी म्हणाली. "तू इथे अश्शीच वळतेस."

"माझं चुकतंय," भिंगरी म्हणाली. "तुम्ही सरळ जा."

ती स्वतः पुन्हा धावली. ठरवून, नेटाने धावली. तरी पाय वळलाच. खाली पक्की फळी होती, आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. एखाद्या जागेवर तुमचा जीव असेल, तर तिच्या मोडक्या भागावर बॅग ठेवू नका. आम्हाला बोलता येत नाही, फक्त कुरकुरता येतं. ते ऐका आणि वेळेवर कुणाला तरी सांगा. नाहीतर आमचं दुखणं तुमच्या पायात जाऊन बसतं, आणि तिथे सुताराचा हात पोचत नाही.