दुमडीच्या रेघा

खडूची कड अंगठ्याला बोचली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपला हात मघापासून कामाच्या पांढऱ्या कोटाच्या खिशातच आहे. चपटा, तिकोनी तुकडा, एका बाजूनं झिजून पात्यासारखा झालेला. मधोमध वडिलांच्या अंगठ्यानं पाडलेली खोलगट जागा. तिथं तिचा अंगठा ठेवला की भोवती थोडी जागा उरते… समोर टेबलावर कोरा कागद आहे, आणि त्याच्या डोक्यावर संग्रहालयाच्या प्रमुखांनी पेन्सिलीनं लिहिलंय — सोपी भाषा, लहान वाक्यं, संध्याकाळपर्यंत.

लहान वाक्यं तिला येतात. इथल्या सगळ्या पाट्या तीच लिहिते. देवमाशाच्या पोटात राहून गेलेली कंबरेची हाडं, अंधारातल्या माशाचे मिटलेले डोळे, उडणं विसरलेल्या पक्ष्याचे पंख. एका पाटीवर एक जीव मावला पाहिजे. यात काही क्रूर आहे असं तिला आजवर कधी वाटलं नव्हतं.

प्रमुख सकाळी आले ते दारातच घुटमळले. भिंत मोकळी दिसली की त्यांचे हात शिवशिवतात म्हणून पाठीमागे सगळे त्यांना फलकसाहेब म्हणतात. पण माणूस वाईट नाही, वडील गेले तेव्हा आले होते, सगळं आटपेपर्यंत उन्हात उभे राहिले होते.

"तुम्हाला जड जाईल, मला कळतं," ते म्हणाले. "पण तापमानवाढीच्या दालनात शेवटची भिंत रिकामी आहे. उत्क्रांती न मानणारा माणूस बऱ्याचदा तापमानवाढही मानत नाही, हे आपण आकड्यांत मांडलंय. पण आकड्यांपुढे कोण थांबतं? लोक पाणी कुठं मिळेल ते विचारतात आणि पुढे जातात. एक माणूस लागतो हो. नाव नको, फोटो नको. नुसतं — एक शिंपी."

"एक शिंपी," ती म्हणाली.

"आणि मुलीनंच लिहिलं म्हटल्यावर आम्ही कुणाची टिंगल करतोय असं होणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसरं काही लावेन. पण तुम्ही नाही म्हणू नये असं मला वाटतं."

ते गेल्यावर तिनं एक वाक्य मनात जुळवलंसुद्धा. एक शिंपी होता, त्याला माकड मान्य नव्हतं आणि ऊनही मान्य नव्हतं. या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या आपल्या दुकानात, भर दुपारी, मशीनवर मान टाकून तो गेला. वाक्यात एकही शब्द खोटा नाही. तेच तर. खोटं असतं तर खोडून टाकता आलं असतं.

हा खडू खरं तर तिनंच त्यांना दिला होता. नोकरीच्या सुरुवातीला, अंगात जोर होता तेव्हा, संग्रहालयातून खडकाचं एक पांढरं ढेकूळ मागून घेतलं, सूक्ष्मदर्शकासकट दुकानात नेलं, कापडाच्या ढिगावर मांडलं. बघा बाबा, ही समुद्रातल्या जिवांची कवचं आहेत, केवढ्या काळात साठली आहेत बघा, माणूस नव्हता तेव्हाची… त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिलं. "सुंदर आहे," म्हणाले. "काय बारीक काम आहे." आणि पुढच्या खेपेला ती गेली तेव्हा त्या ढेकळाचे नीट, एकसारखे, तिकोनी तुकडे पाडून डबीत ठेवलेले. "छान चालतो गं. बाजारातल्यापेक्षा चांगला. गडद कापडावर तर विचारू नकोस."

त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे असं असायचं. हरल्यासारखं वाटायचं नाही, जिंकल्यासारखं तर नाहीच. "डोळा आपोआप झाला म्हणतेस? माझ्या दुकानात जन्मभर कापड पडून आहे, साधं काज आपोआप झालेलं मी पाहिलं नाही." आणि पुढे जेव्हा ती उन्हाचं बोलायला लागली, वितळणाऱ्या बर्फाचं, वर सरकणाऱ्या पाण्याचं, तेव्हा सुई दातांत धरून ते म्हणाले होते, "ज्यानं इतकं मापात बेतलं, त्याला कापड आटतं हे माहीत नसेल का? आत माया सोडलेली असणार. लागेल तसं उसवून सैल करायचं." शिवणीच्या आत जादा कापड ठेवायचं, ती माया; पोर वाढतं, माणूस सुटतो, कापड आटतं, म्हणून ठेवायचं, हे ते शिकवणीला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगत. त्या घटकेला ती हसली. प्रमुखांनी आता आकड्यांत मांडलेलं तिनं तेव्हाच वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं. फक्त तिला ते दोन वेगवेगळे हट्ट वाटले होते. हट्ट एकच होता. कुणीतरी मापं घेतली आहेत — एवढंच त्यांना हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि दवाखान्यातून परतताना त्यांनी तिचा हात धरून हेच म्हटलं होतं, इतकंच म्हटलं होतं. मापं कुणीच घेतली नसतील तर आईचं जाणं म्हणजे नुसतंच फाटलेलं कापड. ते हे कसं मान्य करणार होते… आणि मी तरी सूक्ष्मदर्शक घेऊन नक्की काय काढून घ्यायला गेले होते त्यांच्याकडून?

पण ते चुकत होते. हेही तिला सोडता येत नाही. दोन्ही वेळा चुकत होते. उन्हानं त्यांचं मत विचारलं नाही.

दुपारी फोन वाजला. वडिलांच्या शेजारच्या दुकानातली चष्मेवाली मावशी. आधी जेवलीस का, मग झोपतेस का.

"अगं, एक विचारायचं होतं. तो पडदा आहे ना."

"कुठला पडदा, मावशी?"

"माझ्या दाराचा. तुला माहीतच नाही का? ते गेले त्या दिवशी सकाळी मी म्हटलं, मास्तर, ऊन फार वाढलंय हो, काचेतून नुसती आग येते. तर म्हणाले, ऊन वाढलेलं नाही, तुझं वय वाढलंय. आणि जाड कापडाचं ठाण काढून बसले की शिवायला. दुपदरी. मी म्हटलं, संध्याकाळी करा, शटर ओढा आणि घरी जा. तर म्हणाले, ऊन काय संध्याकाळी लागणारेय तुला?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"झालाय सगळा," मावशी म्हणाली. "फक्त खालची दुमड राहिलीय. पलीकडचा एक जण म्हणाला, मी घालून देतो टीप. पण तुला विचारल्याशिवाय मला नको वाटलं. घेऊ का करून?"

"नको," ती म्हणाली. मग म्हणाली, "राहू दे तसाच… नाही, तशा त्याच्या दशा निघतील. मी बघते, मावशी. मी येते."

"ये. घाई नाही. मी तसाच टांगलाय, दुमडीवाचून. बरंच ऊन अडतं."

फोन ठेवल्यावर दालनातून शाळेच्या मुलांचा गलका आला आणि ओसरला. खालची दुमड. तिला निळा फ्रॉक आठवला. त्यांनी शिवलेला, दरवर्षी दुमड उसवून एक बोट खाली सोडलेला. जिथं जुनी घडी असायची तिथं रेघ उरायची, आणि रेघेखालचं कापड न विटलेलं, गडद. वर्गातल्या मुली रेघा मोजून हसायच्या, हिचं वय फ्रॉकवर लिहिलंय म्हणायच्या. तिला मात्र त्या रेघा आवडायच्या. खडकाचे थर वाचायला ती पुढे पुस्तकांतून शिकली, पण पहिले थर तिनं स्वतःच्या गुडघ्यांवर पाहिले होते.

आणि मग ते वर्ष. आई गेल्यानंतरचं. ती एकदम उंच झाली होती, आणि त्यांनी दुमड उलटून पाहिली तर आत काही नव्हतं. माया संपली होती. ते कात्री हातात धरून तसेच बसून राहिले होते — हे तिला आत्ता आठवतंय, इतकी वर्षं आठवलं नव्हतं — मग उठून कपाट उघडलं, आईचा राखाडी कोट काढला, टेबलावर पसरला, खडूनं रेघ मारली आणि कापला. निळ्या फ्रॉकला खाली राखाडी पट्टी. सकाळी तिला घालून, मागं सरून बघत म्हणाले होते, "बघ, होतं की नाही पुरेसं?"

पुरेसं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच्या हातांनी पाहिलं होतं. आत हात घातला होता आणि तिथं काही नव्हतं. आणि त्यानंतरही ते जन्मभर सांगत राहिले, की सोडलेलं असतं, आत असतंच… ठाऊक होतं का तुम्हाला, बाबा? की मला कळू नये म्हणून म्हणत होतात आणि म्हणता म्हणता तुम्हालाच खरं वाटायला लागलं? विचारलं असतं तर म्हणाले असते, काय गं, कुठल्या कुठे जातेस, जरा तो दिवा लाव.

उन्हं उतरून टेबलाच्या कडेशी आली होती. जिना चढणारी पावलं प्रमुखांची असावीत. ते पायऱ्या हळू चढतात, वर येईपर्यंत वाक्य जुळवतात. एक शिंपी होता. पुढे काय लिहायचं? त्याला ऊन मान्य नव्हतं, आणि दुसऱ्याच्या दारावर ऊन येऊ नये म्हणून… एका पाटीवर हे मावत नाही. आणि मावलं, तरी माया संपल्यावर पृथ्वीला खाली जोडायला कुणाचा कोट कापायचा, हे ती पाटी वाचून कुणाला कळणार आहे? मलाच कळलेलं नाही.

तिनं खिशातून खडू काढला आणि अंगठा त्या खोलगट जागेत, जरा सैलच, ठेवून कागदाच्या खालच्या कडेला समांतर एक रेघ ओढली, एक बोट माया सोडून. पांढऱ्यावर पांढरी, दिसत नव्हती. पावलं दारापाशी थांबली. मान वर न करता ती रेघेवरून बोट फिरवत राहिली — हाताला लागत होती.