शेवटची दहा मिनिटं

भूगोलाच्या बाईंना शाळेत लागून एकोणीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत वरून आलेल्या नियोजनाबाहेरचा शब्द त्यांनी वर्गात काढला नव्हता. कितव्या मिनिटाला नकाशा टांगायचा, तेसुद्धा छापून यायचं. त्यामुळे यंदा ‘गुरुवारच्या तासाची शेवटची दहा मिनिटं शिक्षकांची स्वतःची’ असं परिपत्रक आलं, तेव्हा बाई हरखल्या आणि जरा गांगरल्याही.

पहिल्या गुरुवारी पुस्तक मिटलं आणि त्यांच्या तोंडून भलतंच निघालं. त्या सात वर्षांच्या असताना आई हिरवी पिशवी भरून घराबाहेर पडली होती. दिवसभर बसथांब्यावर बसून राहिली आणि दिवेलागणीला परतली. “कुणाला बोलू नकोस,” म्हणाली. बाईंनी हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून गणिताच्या सरांचा आवाज आला, “...आणि आई दिवेलागणीला परतली.”

सुट्टी होताच बाईंनी त्यांना गाठलं.

“सर, मघाशी वर्गात काय सांगत होतात?”

“आमच्या आईचं.” सर ओशाळले. “कसं बोलून गेलो कोण जाणे.”

“पिशवी कुठल्या रंगाची होती?”

“हिरवी. बंद तुटलेला, म्हणून आईनं गाठ मारली होती.”

गाठीचं बाई वर्गात बोलल्याच नव्हत्या. पण ती त्यांना लख्ख आठवत होती.

संध्याकाळी त्या तडक माहेरी गेल्या. आई मटार सोलत बसली होती.

“आई, मी लहान असताना तू एकदा घर सोडून निघाली होतीस ना?”

“मी? काहीतरीच तुझं! तुझ्या बाबांना साधा चहा करता येत नव्हता, मी जाणार कुठे?” आई हसली. मग लेकीचा चेहरा पाहून तिनं ताट बाजूला सारलं. “अगं, खरंच. मी कधी कुठेच गेले नाही.”

पुढच्या गुरुवारी दहा मिनिटं उरताच बाईंनी मुलांना मैदानात नेलं. “आपापली सावली मोजा,” एवढंच म्हणाल्या. मुलं पट्ट्या घेऊन वाकली, तोच शाळेच्या सगळ्या खिडक्यांतून शिक्षकांचे आवाज एका लयीत सुरू झाले. तापात गेलेल्या धाकट्या बहिणीची गोष्ट. बाई एकुलत्या एक होत्या. तरी त्या पोरीच्या वेण्या डोळ्यांपुढे आल्या, ओठ आपोआप हलू लागले. त्यांनी खडू दातांत घट्ट धरला.

“बाई, माझी पाच पट्ट्या आणि चार बोटं!” एक मुलगी ओरडली. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मग दुसऱ्याचं, तिसऱ्याचं.

घंटा झाली. आवाज एकदम थांबले. खिडक्यांत सगळे शिक्षक डोळे पुसत उभे होते.

मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, “बाई, वेळ तुमचाच आहे, मग बाहेर कशाला जाता?”

“माझाच आहे ना, म्हणून,” बाई म्हणाल्या.

अजूनही दर गुरुवारी त्या वर्ग बाहेर काढतात. ती बहीण मात्र मनातून जात नाही. कधी भाजी चिरताना तिची तापातली हाक ऐकू येते आणि बाई ओ देता देता थांबतात.