घडी केलेले पाहुणे

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेलं असणार, लक्षात मात्र ठेवलेलं नसणार. मी एक जुनी, लोखंडी, घडीची खुर्ची आहे. भाड्याने जाणारी. माझ्यावर बसताना कोणी माझ्याकडे बघत नाही, आणि उठल्यावर तर मुळीच नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. पाहुण्याचं लक्ष खुर्चीकडे गेलं, तर समजावं, खुर्चीतच काहीतरी खोट आहे.

माझा जन्म वेल्डिंगच्या एका कारखान्यात झाला. नळ्या वाकवल्या, पत्रा ठोकला, राखाडी रंगाचा एक हात मारला की झाली खुर्ची. माझे मालक तेव्हा नुकतेच धंद्यात पडले होते. त्यांनी मला उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाले, "ही चालेल." एवढ्या कौतुकावर मी आजवर चालले आहे.

काम भरपूर केलं. लग्नं, सभा, शाळांचे बक्षीस समारंभ, शोकसभा. एका नवरीचे आजोबा माझ्यावर बसून लग्नभर झोपले आणि घरी जाताना म्हणाले, फार छान झालं लग्न. कोणा पोराने माझ्या पाठीला च्युइंगगम चिकटवलं, ते खरवडता खरवडता मालकांची नखं दुखली. पुढे शहर महागलं आणि नटलंही. मोठ्या हॉलवाल्यांनी स्वतःच्याच गुबगुबीत खुर्च्या आणल्या, त्यांना पांढरे झगे शिवले, मागे फुलं बांधली. आम्हाला बोलावणं कमी झालं. गोदामात घडी करून पडून राहायचं, सांध्यांना गंज धरायचा, आणि कधी ट्रकचा आवाज आला की उगीच आशा वाटायची.

अशात मालकांच्या मुलीचं लग्न ठरलं. एका जागी बसत नाही म्हणून तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात. मुलगा चांगला, त्याच्या घरची माणसं साधी. ती म्हणाली, कसंही करा, आम्ही येऊ. पण मालकांनी मनात घेतलं होतं, लग्न तशा एका मोठ्या हॉलमध्येच करायचं. "आयुष्यभर दुसऱ्यांची लग्नं पाहिली," ते म्हणाले, "माझ्या पोरीचं लहानसं करू?"

हॉलवाल्याने माणशी भाव सांगितला. तो ऐकून मालकीणबाई म्हणाल्या, "एवढ्यात आपल्या घरचं महिन्याचं वाणसामान येतं. वर साबण." बाहेरची खुर्ची हॉलमध्ये चालणार नाही, हेही त्याने बजावलं. म्हणजे खुर्चीवाल्याने स्वतःच्या मुलीच्या लग्नात दुसऱ्याच्या खुर्चीचे पैसे मोजायचे.

पैसे पुरेनात तेव्हा मालकांनी एका व्यापाऱ्याशी बोलणं केलं. तो आम्हाला सगळ्यांना घेणार होता, वजनावर. मित्रांनो, खुर्ची वजनावर विकली जाते, तेव्हा ती खुर्ची राहत नाही, लोखंड होते. आम्ही गेलो की धंदाही संपला, हे मालकांना ठाऊक होतं. तरी त्यांनी त्याला रविवारी संध्याकाळी यायला सांगितलं.

त्या रविवारी दुपारी घरातली माणसं गोदामात जमली. या घरात हिशेब कागदावर होत नाही. मालकांना आकडा रांगेतच दिसतो. त्यांची पद्धत अशी की पाहुण्याचं नाव घ्यायचं आणि त्याची खुर्ची उघडून मांडायची. ज्याला नाव कमी करायचं असेल, त्याने स्वतःच्या हाताने ती खुर्ची मिटायची. हा शेवटचा नियम मालकीणबाईंचा.

मालक मांडत सुटले. "ही माझी मावसबहीण. हा तिचा नवरा. खातो दोघांचं, पण खुर्ची एकच." मालकांची थोरली बहीण, म्हणजे भिंगरीची आत्या, पंख्याखाली उभी राहून फर्मानं सोडत होती. "माझ्या नणंदेच्या जावेची माणसं पुढच्या रांगेत घे रे."

"आत्या, त्यांना तू शेवटचं कधी भेटलीस?" भिंगरीने विचारलं.

"त्यांच्या थोरल्याच्या लग्नात."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी कुठे ओळख होती?"

मला उघडून मालक म्हणाले, "हे बँकेतले साहेब." मालकीणबाईंनी कमरेवर हात ठेवले. "ज्यांनी तुम्हाला कर्ज दिलं नाही ते?" मालक म्हणाले, "नाही दिलं. पण चहा पाजला होता."

बघता बघता गोदाम भरलं, रांगा दारातून बाहेर गल्लीत गेल्या. मिटायला मात्र कोणाचा हात होईना. मालकीणबाईंनी आपल्या माहेरच्या चार खुर्च्या मिटल्या. मिटताना खाड् असा आवाज होतो, तो त्या दिवशी फार मोठा वाटला. मालक म्हणाले, "राहू दे. कोणाला उठवू नकोस. खुर्च्या विकून टाकू, मिटला प्रश्न."

"बरोबर आहे," आत्या म्हणाली. "लग्न एकदाच होतं. खुर्च्या पुन्हा घेता येतील."

"कशातून घेता येतील, वन्सं?" मालकीणबाईंनी विचारलं. आत्याने पंख्याकडे पाहिलं.

भिंगरी तेवढा वेळ रांगांमधून फिरत होती. एका टोकाला थांबून तिने विचारलं, "बाबा, तुम्ही कुठे बसलात?"

मालकांनी पुढची रांग पाहिली, मग मधल्या, मग गल्लीतल्या. "अगं, हे काय, इथेच असेन." पण ती खुर्ची आत्याच्या नणंदेच्या जावेची होती.

"आणि आई?"

आईचीही खुर्ची मांडलेली नव्हती. अशी चूक याच घरात होऊ शकते. ही माणसं लग्नाला जातात ती मागच्या भिंतीला टेकून उभी राहायला. कुठली खुर्ची डगमगते, कुठे कमी पडते, हे बघायला. सगळे जेवले की घड्या करायला. साऱ्या शहराला बसवलं होतं त्यांनी, आणि स्वतःला मोजायची सवयच नव्हती.

"आम्हाला काय," मालक म्हणाले, "आम्ही उभे राहू."

"माझ्या लग्नात?" भिंगरीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मागच्या भिंतीला? आणि बघणार काय? त्या खुर्च्या तर आपल्या नसतील. आपल्या तोवर वितळलेल्या असतील. बाबा, मी समोर पाहीन तेव्हा मला तुम्ही दिसायला हवेत. बँकेतले साहेब नकोत मला."

मालक माझ्याजवळ आले. "साहेब, माफ करा," असं म्हणून त्यांनी मला मिटलं, पुढच्या रांगेच्या मधोमध नेलं आणि पुन्हा उघडलं. "ही माझी," ते म्हणाले. घडी होण्यात इतकं सुख असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यानंतर खाड् खाड् सुरू झालं. आत्यानेही नणंदेच्या जावेची आख्खी रांग मिटली, कुरकुरत का होईना. "त्यांना तरी कुठे माझी आठवण येते," ती म्हणाली. काही घड्या जड गेल्या. एका जुन्या मित्राची खुर्ची मालकांनी मिटली, उघडली, परत मिटली. तो पुढे वर्षभर बोलला नाही. स्वस्तात सगळं मिळत नाही, मित्रांनो, कमी खर्चाचीही किंमत असते.

उरल्या त्या रांगांचा आकडा ऐकून हॉलवाल्याने फोनवर सांगितलं, एवढ्या कमी माणसांना आम्ही हॉल देतच नाही. मालकांना हसू आलं. संध्याकाळी व्यापारी काटा घेऊन आला, तेव्हा त्याला ते म्हणाले, "विकायच्या नाहीत. भाड्याने हव्या असतील तर सांगा."

लग्न एका शाळेच्या सभागृहात झालं. आम्हाला नवा रंग लावला होता, तोही घरच्यांनीच. मालक माझ्यावर बसले, पण काठावर, जणू आता कोणी उठवेल. मागे कुठे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला की अर्धे उठायचे. मालकीणबाईंनी शेवटी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बसा हो. आज तुम्ही पाहुणे." मग ते मागे टेकले. इतकी वर्षं मी त्यांचा हात ओळखत होते. त्यांचं वजन मला त्या दिवशी कळलं.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी मोठे व्हाल आणि घरात एखादं मोठं कार्य निघेल. खर्चाला बसाल तेव्हा घरच्यांची जागा आधी धरा, आणि ज्याच्यावर घर चालतं ते विकायला काढू नका. आमच्यासारख्यांचं म्हणाल, तर वर्षाकाठी सांध्याला तेलाचा एक थेंब पुरतो. तेवढा द्या. मग कोणीही येऊन बसो, आम्ही आहोत.