मुकीच म्हणा

बाळकुम गावात नर्सबाई वही घेऊन घरोघरची पोरं तपासायला आल्या, तेव्हा बायजाची उत्तरं तयारच होती. परक्यापुढे पोरीचं कौतुक केलं की दृष्ट लागते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"चालते का?"

"कसली चालते! दोन पावलांत बसते."

"बोलते?"

"छे. मुकीच म्हणा."

नर्सबाईंचा चेहरा उतरला. त्या काळजीने लिहू लागल्या. तेवढ्यात दोन वर्षांची गोदा अंगणातून धावत आली आणि त्यांच्या पिशवीतली मोजपट्टी ओढून म्हणाली, "बाई, आधी मला मोज. मग आयेला."

नर्सबाईंनी लिहिणं थांबवून बायजाकडे पाहिलं.

बायजाची पापणीही लवली नाही.

"तुमचा पायगुण चांगला, बाई," ती म्हणाली.