मागे राहिलेले तीन डॉलर

साखर कारखान्याची हिशेबनीस ग्लेनिस कॉरिगनने वार्षिक अहवालाच्या कच्च्या प्रतीतली ‘वर्षाचा नफा’ ही ओळ खोडली आणि तिच्यावर दोन ओळी लिहिल्या. पहिलीत उसाच्या धंद्यात आलेला तोटा. दुसरीत कर्जरोखे मुदतीआधी फेडल्यामुळे एकदाच झालेला लाभ. दोहोंची बेरीज खाली.

समोर कारखान्याचा अध्यक्ष रॉस बर्टोली भोपळ्याच्या स्कोनला लोणी फासत होता. त्याची सुरी थांबली.

“बेरीज तीच येते ना?”

“तीच.”

“मग बाईसाहेब, लोकांना आधी तोटा वाचायला लावून काय मिळवणार? उद्या मतदान आहे.”

मतदान कशाचं, हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. शेतकऱ्यांच्या मालकीचा हा साखर कारखाना परदेशी कंपनीला विकायचा की नाही? रॉसला विकायचा नव्हता. ग्लेनिसलाही नव्हता, कारण तिच्या नवऱ्याचा ऊस तोडल्यावर वेळेत पोचेल असा दुसरा कारखाना अख्ख्या किनाऱ्यावर नव्हता.

रॉसने तिला बराच वेळ समजावलं. सभासद फक्त शेवटची ओळ वाचतात, तीही जेवण झाल्यावर. फायदा दिसला तर विकायचं कोण म्हणेल? शिवाय हा लाभ नियमाने नफ्यातच धरतात. हे शेवटचं खरं होतं, आणि ग्लेनिसने तो धरलाही होता. फक्त वेगळा दाखवला होता. वाद घालताना ती कधी आवाज चढवत नसे. त्यामुळे समोरच्याला आपण जिंकलो असं वाटायचं, आणि छपाई तिच्या म्हणण्याप्रमाणे व्हायची.

दुसऱ्या दिवशी सभेला हॉल भरला. पहिल्या रांगेत कंपनीचा माणूस, डॅरन व्हिटली, कोरे करकरीत बूट घालून बसला होता. रॉसने दोन्ही ओळी नाकातल्या नाकात वाचल्या आणि बेरीज मात्र खणखणीत. टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत ग्लेनिस उभी राहिली होती.

“एक सांगायचं राहिलं,” ती म्हणाली. “सहा वर्षांपूर्वी आपण दहा वर्षांचे रोखे काढले. व्याज बाजारापेक्षा जास्त होतं, म्हणून शंभराचा रोखा लोकांनी एकशे दहाला घेतला. वरचे दहा ही आपली कमाई नव्हती. दहा वर्षं जास्त व्याज द्यायचं, त्याची ती आगाऊ भरपाई. म्हणून ढोबळमानाने वर्षाला एक डॉलर आपण व्याजाच्या खर्चातून वजा करत आलो. सहा गेले, चार उरले. म्हणजे आपल्या हिशेबात देणं होतं एकशे चार. यंदा व्याजदर उतरले, तेव्हा अटीप्रमाणे रोखे परत बोलावले आणि एकशे एक देऊन मोकळे झालो. तीन मागे राहिले. तोच हा लाभ. पुढच्या वर्षी तो नसेल.”

मधल्या रांगेतून अल्डो पेरिनी उठला. गावात सगळ्यात जुना ऊस त्याचा, आणि सगळ्यात जुनी टोपीही.

“म्हणजे कारखान्याला फायदा झाला.”

“कारखान्याला झाला.”

“आणि हे रोखे घेतले होते कोणी?”

रोखे फक्त सभासदांना विकले होते, याच हॉलमध्ये, मागच्या अंगणात सॉसेज भाजत असताना. आपल्या कारखान्याला आपणच दहा डॉलर वर देतोय, याचा त्या दिवशी सगळ्यांना केवढा अभिमान वाटला होता.

“तुम्हीच,” ग्लेनिस म्हणाली.

आत्ताच टाळ्या वाजवलेल्या बऱ्याच जणांनी आपापले तळहात पाहिले.

“म्हणजे माझ्याच खिशातून गेलेल्या पैशांना मी टाळ्या वाजवल्या,” अल्डो म्हणाला.

“सहा वर्षं जास्तीचं व्याज खाल्लंस, तेही धर. पण हो.”

“तुझे होते का गं रोखे?”

“होते. नवऱ्याला अजून सांगितलं नव्हतं. तो मागे बसलाय.”

हॉल हसला. मागच्या भिंतीशी केव्ह कॉरिगनने डोक्याला हात लावला, आणि लोक आणखी हसले. रॉस मात्र हसला नाही. आपल्या कारखान्याची वरात निघाल्यासारखा तो छताच्या पंख्याकडे बघत होता.

अल्डो अजून उभाच होता. तो डॅरनकडे वळला.

“तुम्ही कारखाना घेतलात, तर असलं आम्हाला कोण सांगणार?”

डॅरन सभ्य माणूस होता. त्याने खरं ते सांगितलं. हिशेब परदेशातल्या मुख्य कार्यालयात होतील. शेतकरी तेव्हा मालक नसतील, त्यामुळे असा अहवाल द्यायचा प्रश्नच येणार नाही. मात्र दरवर्षी एक रंगीत पुस्तिका प्रत्येकाच्या घरी पोचेल, फोटोंसकट.

“फोटो कोणाचे?” कोणीतरी विचारलं.

“उसाचे,” डॅरन म्हणाला.

रॉसने घाईने मतदान पुकारलं. चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. मोजणार कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा चारी बाजूंनी ग्लेनिसचं नाव आलं. डॅरननेही मान डोलावली.

“मी नको,” ती म्हणाली. “माझं मत आधीच ठरलंय. कोणीतरी दुसरं बघा.”

दुसरं कोणी सापडेना. ज्याला विचारावं, तो ‘माझंही ठरलंय’ म्हणत आपली चिठ्ठी मुठीत मिटून मान खाली घाले. शेवटी रॉस वैतागून अल्डोकडे वळला.

“तू मोज. तुझं तरी ठरलेलं नाही ना?”

“सकाळपर्यंत नव्हतं,” अल्डो म्हणाला, आणि बसला.